रेडिओ लहरीच्या प्रवासवेळेवरून अंतर कसे मोजावे

रेडिओ लहर हवेतून एका नॅनोसेकंदात साधारण तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढे अंतर कापते. अंतराचा अंदाज दहा सेंटिमीटरांच्या आत हवा असेल, तर लहर अँटेनावर पोहोचल्याचा क्षण एका नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या अचूकपणे कळला पाहिजे. ईएसपी३२ सारख्या मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाचे, घड्याळ २४० मेगाहर्ट्झने चालते, आणि त्याच्या एका आवर्तनात लहर सव्वा मीटर पुढे गेलेली असते. त्यातच संदेश आल्याचा इंटरप्ट, म्हणजे हातचे काम थांबवणारा इशारा, मिळून प्रोग्रामने वेळ नोंदवेपर्यंत काही मायक्रोसेकंद जातात, तेही दर वेळी कमीजास्त. आणि एक मायक्रोसेकंद म्हणजे तीनशे मीटर. त्यामुळे या कामात वेळ प्रोग्रामने नोंदवून चालत नाही. ती रिसीव्हरच्या चिपनेच, रेडिओच्या टप्प्यावर नोंदवलेली असावी लागते.

अशी नोंद करणारी आणि हौशी माणसालाही परवडणारी चिप म्हणजे डीडब्ल्यू१०००. ती अल्ट्रा वाइडबँड, म्हणजे वारंवारतांचा अतिशय रुंद पट्टा वापरणाऱ्या, प्रकारची आहे, आणि तिच्यावर बसवलेली तयार मोड्यूल सहज मिळतात. पुढची सगळी पद्धत मी याच चिपच्या आधाराने मांडली आहे. डीडब्ल्यू३००० किंवा अन्य कोणती चिप वापरल्यास रजिस्टरांची, म्हणजे चिपमधल्या मूल्ये ठेवण्याच्या जागांची, नावे बदलतील, तर्क तोच राहील. माझे मत आरंभीच नोंदवतो: या मोजणीत घड्याळाचा ठोका किती बारीक आहे याची चर्चा फार होते, पण हाती येणाऱ्या बहुतेक चुका नोंदवलेली वेळ नेमकी कोणत्या क्षणाची आहे हे नीट न समजल्यामुळे होतात.

साहित्य आणि जोडणी

मोड्यूल किमान तीन घ्यावीत. अंतर दोघांमधले मोजायचे असले, तरी कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे यंत्राची स्वतःची चूक मोजून काढण्यासाठी, तिसरे लागते; त्याचे कारण पुढे येईल. प्रत्येकासाठी एक ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर घ्यावा. पाच व्होल्टचे अर्दुइनो उनो थेट जोडू नये, कारण चिपच्या पिना तेवढा दाब सहन करण्यासाठी बनवलेल्या नाहीत. संदेश ऐकत असताना ही चिप शंभर मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेते, म्हणून वीजपुरवठा दमदार असावा आणि मोड्यूलच्या अगदी जवळ एक कपॅसिटर असावा. याखेरीज पोलादी मोजपट्टी किंवा लेझर मीटर, आणि अँटेना जमिनीपासून दीड मीटर उंच धरतील असे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे तीन स्टँड लागतील. कापडी टेप ताणला जातो, तो टाळावा. कोणत्या चॅनेलवर किती शक्तीने प्रक्षेपण करता येते याचे नियम देशागणिक वेगळे आहेत; आपल्याकडचे नियम आधी पाहून मगच चॅनेल ठरवावा. पुढची उदाहरणे चॅनेल पाचची आहेत, ज्याचा मध्य ६४८९.६ मेगाहर्ट्झवर आणि रुंदी ४९९.२ मेगाहर्ट्झ आहे.

जोडणीत दोन गोष्टी हमखास अडवतात. चिप नुकतीच सुरू झालेली असताना एसपीआयचा, म्हणजे मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांच्यातल्या तारजोडणीचा, वेग तीन मेगाहर्ट्झच्या आत ठेवावा लागतो, आणि तिचे आतले घड्याळ स्थिरावल्यावरच तो वीसपर्यंत नेता येतो. हे पाळले नाही तर चिप कधी ओळख देते, कधी देत नाही. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. संदेशाचा आरंभ शोधणारा छोटा प्रोग्राम चिपच्या कायम स्मृतीत असतो आणि तो दर वेळी सुरू करताना कामाच्या स्मृतीत भरून घ्यावा लागतो. तो भरला नाही तरी संदेश व्यवस्थित येतात आणि जातात, पण वेळेच्या नोंदी विश्वासार्ह राहत नाहीत. चिपला झोपवून उठवत असाल, तर उठल्यावरही हे भरणे झाले आहे ना, याची खात्री करावी.

नोंदवलेली वेळ कशाची असते

प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक ठरावीक स्पंदमालिका असते, तिला प्रिअँबल म्हणतात. तिच्यानंतर प्रिअँबल संपल्याची खूण येते आणि मग खरा मजकूर. चिप जी वेळ नोंदवते ती संदेश सुरू झाल्याची नसते आणि पूर्ण झाल्याचीही नसते. खुणेनंतरचे पहिले स्पंदन अँटेनातून बाहेर पडण्याचा किंवा अँटेनावर पोहोचण्याचा तो क्षण असतो. पाठवणारा आणि घेणारा दोघेही हाच क्षण नोंदवतात, म्हणूनच त्यांच्या नोंदींची वजाबाकी अर्थपूर्ण ठरते.

नोंद एका ४० बिटांच्या मोजणीयंत्रात होते. त्याचा एक ठोका सुमारे १५.६५ पिकोसेकंदांचा, कारण ४९९.२ मेगाहर्ट्झच्या १२८ पट, म्हणजे ६३.८९७६ गिगाहर्ट्झ हा त्याचा दर आहे. एका ठोक्यात लहर ४.६९ मिलिमीटर जाते. हा आकडा वाचून पाच मिलिमीटरांची अचूकता मिळेल असे वाटते, पण तसे होत नाही. पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा आहेत एवढ्यावरून पट्टी बरोबर जागी धरली आहे असे ठरत नाही.

हे मोजणीयंत्र साधारण १७.२ सेकंदांनी भरते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. दोन नोंदींची वजाबाकी करताना उत्तर ऋण आले तर त्यात दोनाचा चाळिसावा घात मिळवावा. याहून सोपा उपाय म्हणजे दोन्ही नोंदींचे खालचे ३२ बिट घेऊन चिन्हरहित पूर्णांकांत वजाबाकी करणे. दोन घटनांमधला काळ ६७ मिलिसेकंदांहून कमी असेल तोवर हे बिनचूक चालते, आणि आपल्या देवाणघेवाणी त्याहून पुष्कळ लवकर संपतात.

फेरी मारून येणारा संदेश

क आणि ख या दोन यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळवलेली नाहीत. क ने पाठवल्याची वेळ क च्या घड्याळातली आणि ख ला मिळाल्याची वेळ ख च्या घड्याळातली, म्हणून त्यांची थेट वजाबाकी निरर्थक आहे. यावरचा जुना आणि साधा उपाय फेरीचा. क ने हाक द्यावी, ख ने थोड्या वेळाने उत्तर द्यावे आणि उत्तरासोबत आपण किती वेळ थांबलो तेही कळवावे. क ने हाक दिल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा काळ म्हणजे फेरीचा वेळ, आणि ख थांबला तो उत्तराचा वेळ. फेरीच्या वेळातून उत्तराचा वेळ वजा करून दोनाने भागले की एका बाजूचा प्रवासवेळ मिळतो. दोन्ही काळ ज्या त्या घड्याळाने स्वतंत्रपणे मोजले असल्यामुळे घड्याळांत किती वाजले आहेत याला महत्त्व उरत नाही.

त्यांच्या चालीला मात्र उरते. घड्याळाला ठोका देणाऱ्या साध्या क्रिस्टलची चाल दहा लाखांत दहा-वीस भागांनी पुढेमागे असते. समजा यंत्रे दहा मीटर अंतरावर आहेत, ख चे घड्याळ क च्या तुलनेत दहा लाखांत दहा भाग जलद चालते, आणि ख तीन मिलिसेकंद थांबतो. क ला फेरीचा वेळ १९,१६,९७,०६४ ठोके दिसेल. ख आपला उत्तराचा वेळ १९,१६,९४,७१७ ठोके सांगेल. वजाबाकी २,३४७, तिचे निम्मे ११७३.५ ठोके, आणि त्यांचे अंतर साडेपाच मीटर. खरे अंतर दहा मीटर आहे. साडेचार मीटरांची ही चूक केवळ घड्याळाच्या चालीतून आलेली आहे, आणि शंभर वाचनांची सरासरी घेतली तरी ती तसूभरही हलणार नाही.

चूक उत्तराच्या वेळेच्या प्रमाणात वाढते. तोच वेळ तीनशे मायक्रोसेकंदांवर आणला तर चूक पंचेचाळीस सेंटिमीटरांवर येते. पण तो हवा तेवढा कमी करता येत नाही, कारण उत्तराच्या वेळेत आलेल्या संदेशाचा उरलेला भाग, मायक्रोकंट्रोलरचे काम आणि जाणाऱ्या संदेशाचे प्रिअँबल हे सगळे बसावे लागते. १२८ चिन्हांचे, म्हणजे तोच स्पंदनगट १२८ वेळा येणारे, प्रिअँबलच सुमारे १३० मायक्रोसेकंद घेते.

इथून दोन वाटा आहेत. पहिली वाट तिसरा संदेश जोडण्याची. ख चे उत्तर मिळाल्यावर क ने पुन्हा एक संदेश पाठवावा, म्हणजे ख लाही आपली एक फेरी मोजता येते. आता चार काळ हाती आले: क ची फेरी, ख चा उत्तरवेळ, ख ची फेरी आणि क चा उत्तरवेळ. प्रवासवेळ असा काढावा:

(क ची फेरी × ख ची फेरी − क चा उत्तरवेळ × ख चा उत्तरवेळ) ÷ (चारही काळांची बेरीज)

वरच्याच उदाहरणात क अडीच मिलिसेकंद, म्हणजे १५,९७,४४,००० ठोके थांबला असे धरू. ख ला त्याची फेरी १५,९७,४९,८६१ ठोके दिसेल. चारही काळांची बेरीज ७०,२८,८५,६४२ होते आणि भागाकार २१३१.८६ ठोके येतो, म्हणजे ९.९९९ मीटर. घड्याळाची तीच चूक तशीच असूनही उत्तर मिलिमीटरवर आले. दोघांचे उत्तरवेळ समान असण्याची अट या सूत्राला नाही, आणि मला त्याचे हेच सर्वांत मोठे गुणवैशिष्ट्य वाटते. दोन्ही फेऱ्यांची नुसती सरासरी घेणारे सूत्रही प्रचारात आहे, पण ते उत्तरवेळ जवळजवळ सारखे असतील तरच चालते, आणि व्यवहारात एखादे यंत्र हटकून उशीर करते.

हे गणित करताना संख्यांच्या आकाराकडे लक्ष द्यावे. वरचे गुणाकार तीस हजार लाख कोटींच्या घरात जातात, म्हणून ६४ बिटांचे पूर्णांक वापरावेत. लहान आठ-बिटी अर्दुइनोंवर डबल नावाचा प्रकारही प्रत्यक्षात ३२ बिटांचाच असतो, आणि त्यात एकोणीस कोटींची संख्या सोळा-सोळाच्या पायरीने साठवली जाते. म्हणजे चिपने ठोक्याठोक्याने केलेली नोंद आपणच भागाकारापूर्वी बोथट करून टाकतो.

दुसरी वाट दोनच संदेशांत काम भागवण्याची आहे. ख चा संदेश घेताना क च्या रिसीव्हरला ख च्या वाहक लहरीची वारंवारता आपल्यापेक्षा किती वेगळी आहे हे कळतेच, कारण त्याशिवाय संदेश वाचताच येत नाही. वाहक लहर आणि मोजणीयंत्र दोन्ही एकाच क्रिस्टलवर चालत असल्यामुळे हाच फरक घड्याळांच्या चालीचाही असतो. चिपच्या एका रजिस्टरातून तो वाचून ख चा उत्तरवेळ तेवढ्या प्रमाणात दुरुस्त करावा आणि मग वजाबाकी करावी. फरकाचे चिन्ह उलटे घेतले तर चूक मिटण्याऐवजी दुप्पट होते, म्हणून पहिल्यांदा हीच जोडी तीन संदेशांच्या पद्धतीनेही मोजून दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहावे. बॅटरीवर चालणाऱ्या आणि संख्येने जास्त असलेल्या यंत्रांसाठी मी ही वाट निवडेन. पहिला प्रयोग मात्र तीन संदेशांनीच करावा.

पाठवण्याची वेळ आधी ठरवताना

उत्तरात आपली पाठवण्याची वेळ लिहायची, तर संदेश निघण्यापूर्वीच ती ठाऊक असायला हवी. त्यासाठी चिपला अमुक वेळी पाठव असे सांगण्याची सोय आहे. मात्र चिप त्या वेळेचे खालचे नऊ बिट विचारात घेत नाही, म्हणजे ती ५१२ ठोक्यांच्या, सुमारे आठ नॅनोसेकंदांच्या पायरीवरच संदेश सोडते. आपण मागितलेली वेळ तशीच संदेशात लिहिली, तर लिहिलेल्या आणि खऱ्या वेळेत आठ नॅनोसेकंदांपर्यंत तफावत पडते आणि अंतर सव्वा मीटरपर्यंत उड्या मारते. यावर उपाय सोपा आहे: खालचे नऊ बिट शून्य करावेत, त्यात अँटेनाचा पाठवण्याचा विलंब मिळवावा आणि ती वेळ संदेशात लिहावी. हा विलंब मिळवायचा राहिला, तर दोन संदेशांच्या पद्धतीत उत्तर सुमारे ३८ मीटरांनी जास्त येते. एवढी मोठी आणि स्थिर चूक दिसली की आधी इथेच पाहावे.

अँटेनाचा विलंब

चिप वेळ नोंदवते ती तिच्या आतल्या अंकीय भागात, आणि आपल्याला हवा असतो अँटेनावरचा क्षण. मध्ये वर्धक, फिल्टर, बोर्डावरच्या पट्ट्या आणि खुद्द अँटेना आहे. या वाटेला लागणारा वेळ बराच मोठा आहे. ६४ मेगाहर्ट्झच्या स्पंदनदरासाठी, म्हणजे स्पंदने ज्या वेगाने एकामागून एक सोडली जातात त्या दरासाठी, उदाहरण-प्रोग्रामांत सहसा १६,४३६ ठोके हा आकडा पाठवण्यासाठी आणि तोच घेण्यासाठी दिलेला असतो; तो २५७ नॅनोसेकंदांएवढा होतो. दोन्ही यंत्रांत ही रजिस्टरे शून्य ठेवली, तर शेजारी शेजारी ठेवलेली मोड्यूलसुद्धा एकमेकांपासून सुमारे १५४ मीटर दूर असल्याचे दिसेल. आपण जे अंतर मोजायला निघालो त्याच्या कितीतरी पट मोठी अशी ही वजाबाकी आहे, आणि ती प्रत्येक मोड्यूलसाठी थोडी वेगळी असते. म्हणून तयार आकड्यावर विसंबून राहू नये.

न दिसणारा असा विलंब किती महागात पडू शकतो याचे उदाहरण विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. २०११ साली इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेतल्या ऑपेरा प्रयोगाला, जिनिव्हाजवळच्या सर्नमधून ७३० किलोमीटरांवरून आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा साठ नॅनोसेकंद आधी पोहोचल्यासारखे दिसले. पुढच्या वर्षी त्याचे मुख्य कारण सापडले: वेळेचा संकेत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती आणि तिच्यातून सत्तरेक नॅनोसेकंदांचा, कोणी हिशेबात न धरलेला विलंब होत होता. मुख्य चूक घड्याळ आणि घटना यांच्या मधल्या वाटेत होती, आणि आपल्या टेबलावरच्या मोड्यूलमध्येही ती तिथेच असते.

विलंब काढण्यासाठी तिसरे मोड्यूल लागते. दोन यंत्रांच्या मोजणीत दोघांच्या विलंबांची बेरीजच हाती येते, कोणाचा किती हे वेगळे करता येत नाही. तीन यंत्रांच्या तीन जोड्या होतात, तीन समीकरणे मिळतात आणि तिन्ही अज्ञाते सुटतात. मोकळ्या मैदानात, भिंती, मोटारी आणि लोखंडी कुंपणापासून दूर, स्टँडवर तिन्ही मोड्यूल आळीपाळीने जोडीजोडीने सात मीटर अंतरावर ठेवावीत. अंतर अँटेनाच्या मध्यापासून अँटेनाच्या मध्यापर्यंत मोजावे, बोर्डाच्या कडेपासून मोजू नये. सर्व अँटेना उभ्या आणि एकाच दिशेला तोंड करून असाव्यात. वीज सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, कारण चिप तापत असताना क्रिस्टलची चाल सरकत राहते. मग प्रत्येक जोडीची निदान हजार वाचने घ्यावीत आणि त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे वाचन, काढावा. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एखादे भरकटलेले वाचन सरासरीला ओढून नेते.

समजा पहिल्या-दुसऱ्याच्या जोडीने ७.४२ मीटर दाखवले, पहिल्या-तिसऱ्याच्या जोडीने ७.३६ आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या जोडीने ७.३०. जास्तीचे अंतर अनुक्रमे ४२, ३६ आणि ३० सेंटिमीटर आहे. पहिल्याचा वाटा काढण्यासाठी ज्या दोन जोड्यांत तो आहे त्यांची बेरीज करून ज्यात तो नाही ती जोडी वजा करावी: ४२ अधिक ३६ वजा ३०, म्हणजे ४८ सेंटिमीटर. त्याच रीतीने दुसऱ्याचा ३६ आणि तिसऱ्याचा २४. पडताळा असा की कोणत्याही दोघांच्या वाट्यांची सरासरी त्या जोडीच्या जास्तीच्या अंतराएवढी यायला हवी. पहिल्याचे ४८ सेंटिमीटर म्हणजे १०२ ठोके. त्यांतले ५१ पाठवण्याच्या आणि ५१ घेण्याच्या विलंबात मिळवावेत. अंतर जास्त दिसत असेल तर विलंब वाढवायचा, कमी दिसत असेल तर घटवायचा. फेरीच्या पद्धतीत दोन्हींची बेरीजच कामी येते, म्हणून अर्धे-अर्धे वाटणे पुरते. हे आकडे त्या मोड्यूलच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये कायमचे साठवावेत आणि मोड्यूलवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी.

स्टँड दीड मीटर उंच का असावेत हे आकड्यांवरून पटते. ४९९.२ मेगाहर्ट्झ रुंदीच्या स्पंदनाची लांबी सुमारे दोन नॅनोसेकंद, म्हणजे साठ सेंटिमीटर असते. दीड मीटर उंचीवर आणि सात मीटर अंतरावर जमिनीवरून उसळून येणारी लहर सरळ लहरीपेक्षा ६२ सेंटिमीटर जास्त प्रवास करते, म्हणून ती वेगळी ओळखता येते. अँटेना जमिनीपासून फक्त तीस सेंटिमीटर उंच ठेवल्या तर हा फरक अडीच सेंटिमीटरांवर येतो, दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि रिसीव्हरला सरळ लहरीचा आरंभ नीट दिसत नाही.

पहिली लहर ओळखणे

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. रिसीव्हरला एकच लहर कधीच मिळत नाही. सरळ आलेली लहर असते, मग जमिनीवरून, भिंतीवरून, लोखंडी कपाटावरून आलेल्या लहरी असतात. अंतर हवे तर सर्वांत आधी आलेली लहर पकडायला हवी, आणि ती सर्वांत जोरकस असेलच असे नाही. मध्ये माणूस उभा असेल तर त्याच्या शरीरातले पाणी सरळ लहर जवळजवळ शोषून घेते, आणि बाजूच्या भिंतीवरून आलेली लहर तिच्यापेक्षा ठळक दिसते. चिपने तिलाच पहिली मानले, तर अंतर एक-दोन मीटरांनी जास्त येते. बँड जितका रुंद तितक्या या लहरी वेगळ्या दिसतात. २० मेगाहर्ट्झच्या वाय-फाय चॅनेलमध्ये पंधरा मीटरांच्या आतल्या फरकाच्या लहरी एकमेकींत विरघळतात, ८० मेगाहर्ट्झमध्ये पावणेचार मीटरांच्या आतल्या. अल्ट्रा वाइडबँडचा खरा फायदा हा आहे.

चिप आलेल्या लहरींचे एक चित्र स्मृतीत ठेवते. ६४ मेगाहर्ट्झच्या स्पंदनदराला त्यात १०१६ नमुने असतात आणि प्रत्येक नमुना साधारण एका नॅनोसेकंदाचा असतो. पहिली लहर कितव्या नमुन्यावर सापडली हेही चिप सांगते. काही वाचनांसाठी हे चित्र संगणकावर उतरवून घेऊन त्याचा आलेख काढावा, आणि पहिल्या लहरीचा नमुना त्यावर रेघेने दाखवावा. मोकळ्या मैदानात रेघ एका तीव्र चढाच्या पायथ्याशी दिसेल. मग एका माणसाला मध्ये उभे करून पुन्हा आलेख काढावा. पहिला चढ कसा बुटका होतो आणि मागची शिखरे कशी वर येतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पुढे विचित्र वाचनांचे कारण शोधायला फार वेळ लागत नाही. चिपमधून चित्र वाचताना प्रत्येक खेपेचा पहिला बाइट निरर्थक असतो, तो टाकून द्यावा.

दर वाचनाला आलेख काढणे शक्य नसते, म्हणून दोन शक्तींची तुलना करावी. चिप पहिल्या लहरीच्या आसपासच्या तीन नमुन्यांची उंची, एकूण आलेली शक्ती आणि प्रिअँबलची किती चिन्हे जमा झाली याची संख्या देते. तिन्ही उंचींच्या वर्गांची बेरीज जमा चिन्हांच्या संख्येच्या वर्गाने भागून, तिच्या दहा-आधाराच्या लॉगॅरिदमची दहापट करावी आणि ६४ मेगाहर्ट्झच्या स्पंदनदरासाठी त्यातून १२१.७४ वजा करावेत. ही पहिल्या लहरीची शक्ती डीबीएममध्ये, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, झाली. एकूण शक्तीसाठी उंचींच्या वर्गांच्या जागी चिपने दिलेल्या शक्तीच्या आकड्याची दोनाच्या सतराव्या घाताएवढी पट घ्यावी, बाकी सूत्र तेच. दोन्हींतला फरक सहा डेसिबलच्या आत असेल तर मधे बहुधा अडथळा नाही, दहाच्या वर असेल तर बहुधा आहे. मधल्या वाचनांबाबत हा निकष मौन राहतो, आणि तिथे मी वाचन ठेवून त्याचे वजन कमी करणे पसंत करतो. अंतरासोबत हा फरकही दर वेळी नोंदवून ठेवावा. नुसत्या अंतरांची यादी नंतर हाती आली, तर त्यातले कोणते खरे हे ठरवायला काहीच आधार उरत नाही.

अडथळ्यातून लहर आरपार आली तरी ती वेळेवर येत नाही. विटेत तिचा वेग हवेच्या जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे आपल्याकडच्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून सरळ आलेली लहर अंतर सुमारे वीस सेंटिमीटरांनी वाढवून दाखवते. पहिली लहर अगदी अचूक ओळखली तरी ही भर राहतेच, आणि ती शक्तींच्या तुलनेतही नेहमी दिसत नाही. दोन खोल्यांमधले अंतर मोजायचे असेल तर भिंतींचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

पडताळणी

कॅलिब्रेशननंतर १, २, ३, ५, ७, १०, १५ आणि २० मीटरांवर प्रत्येकी काही शे वाचने घ्यावीत आणि खऱ्या अंतरासमोर मोजलेले अंतर मांडावे. सगळे बिंदू एका रेषेवर असून ती रेषा सरसकट वर किंवा खाली सरकलेली असेल, तर अँटेनाचा विलंब अजून दुरुस्त करायचा आहे. रेषेचा चढ एकाहून वेगळा असेल, तर गणितात कुठेतरी ठोक्याचे किंवा वेगाचे मूल्य चुकले आहे. हवेतला वेग सेकंदाला २९,९७,०२,५४७ मीटर धरावा. बिंदू किंचित वळणदार रेषेवर पडत असतील, तर तो संकेताच्या जोराचा परिणाम आहे. जवळून आलेला जोरकस संकेत आणि दुरून आलेला क्षीण संकेत यांच्या आरंभाची नोंद काही सेंटिमीटरांनी वेगळी होते, आणि ती दुरुस्ती अंतराऐवजी मोजलेल्या शक्तीच्या कोष्टकावरून करावी, कारण खिशात ठेवलेले मोड्यूल जवळ असूनही क्षीण असू शकते.

मग एकाच जागी वाचने किती पसरतात ते पाहावे. मोकळ्यावर काही सेंटिमीटरांचा पसारा अपेक्षित आहे. तो ढिगासारखा एकसंध असेल तर सरासरीने कमी होईल. तो दोन ढिगांत विभागलेला दिसला, तर रिसीव्हर कधी सरळ आणि कधी उसळलेली लहर पकडतो आहे, आणि त्या दोन ढिगांची सरासरी अशा जागेचे अंतर सांगते जिथे मोड्यूल कधीच नव्हते. अशा वेळी आधी अँटेना हलवून किंवा उंच करून पाहावी.

शेवटी हीच पडताळणी ज्या जागी यंत्र वापरायचे आहे तिथे, ज्या पद्धतीने ते बांधले किंवा लटकवले जाणार आहे तशाच पद्धतीने, पुन्हा करावी. गळ्यात अडकवायच्या मोड्यूलची वाचने माणसाने समोर तोंड करून आणि पाठ फिरवून अशी दोन्ही घ्यावीत, आणि दोन्हींचे मध्यक व शक्तीतला फरक एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहावेत.